संगणकातली आज्ञावली जागच्या जागी कशी राहील?



बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चौसाळा हे आमचे गाव आहे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. सुटीत गावी गेलो, की आसपासच्या शाळांतून बोलावणे येते. कधी भिंगांचे प्रयोग दाखवायचे असतात, कधी लोलकाचे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका शाळेत गेलो होतो. शाळेत दहा संगणकांची एक खोली आहे. मधल्या सुटीत तिथे डोकावलो, तर नववीतला एक मुलगा कानाला हेडफोन लावून एकटाच बसलेला दिसला. तो कळफलकावरच्या ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘एन’ या तीन कळा एकदम दाबत होता, थांबत होता आणि पुन्हा दाबत होता.

हा मुलगा जन्मापासून पाहू शकत नाही. त्याच्यासाठी एका संगणकावर एनव्हीडीए नावाची आज्ञावली बसवलेली होती. पडद्यावर जे काही लिहिलेले असेल, ते ही आज्ञावली मोठ्याने वाचून दाखवते. त्या तीन कळा दाबल्या की ती जागी होते. तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ती लिहायला घेतली. त्या काळी अशा आज्ञावल्या विकत घ्यायच्या, तर काही वेळा खुद्द संगणकापेक्षा महाग पडत. पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी ती जगभरच्या अंधांना फुकट देऊन टाकली. आज ती मराठीही वाचते.

“सर, हेडफोन गेलाय वाटतं. बघता का?” मुलगा म्हणाला. वीस मिनिटे तो हेडफोनची तार हलवून पाहत होता. मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, तर तो ठणठणीत होता. मग पडद्याकडे पाहिले. एनव्हीडीएचे चिन्ह तिथे नव्हतेच. आज्ञावलीच कोणीतरी काढून टाकली होती.

कोणी काढली, हे शोधायला फार वेळ लागला नाही. दहावीतला एक हुशार मुलगा आपण होऊन पुढे आला. संगणक फार हळू चालतो, नको असलेले काढून टाक, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. यादीत चार अक्षरांचे एक अनोळखी नाव दिसले. त्याने त्यावर टिचकी मारली. संगणकाने “खरेच काढू का?” असे विचारले, तेव्हा तो “होय” म्हणाला. काम अर्ध्या मिनिटात झाले.

त्या मुलाला रागावणे माझ्या जिवावर आले. चूक त्याची थोडी आणि संगणकाच्या मांडणीची जास्त होती. ज्या संगणकाला रोज पन्नास हात लागतात, त्यावरची कोणतीही आज्ञावली त्यांतला कोणताही हात अर्ध्या मिनिटात पुसून टाकू शकत असेल, तर एक ना एक दिवस ती पुसली जाणारच. मग ती राहावी कशी? त्या दिवशी भिंगांचे प्रयोग बाजूला राहिले आणि आम्ही याच प्रश्नाला लागलो. तुम्हीही माझ्याबरोबर या.

यादीतले नाव आणि त्यामागची वस्तू

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. विंडोज या कार्यप्रणालीवर आपण एखादी आज्ञावली ‘बसवतो’, म्हणजे नेमके काय होते? तीन कामे होतात. आज्ञावलीच्या फाइली तबकडीवर, बहुधा ‘प्रोग्राम फाइल्स’ या कप्प्यात, उतरवल्या जातात. विंडोजची ‘रजिस्ट्री’ नावाची एक मोठी नोंदवही असते. तीत या आज्ञावलीच्या नोंदी होतात. आणि त्याच नोंदवहीत ‘अनइन्स्टॉल’ नावाच्या पानावर आणखी एक नोंद होते: आज्ञावलीचे नाव, ती करणाऱ्या संस्थेचे नाव, आणि ती काढायची झाल्यास कोणती आज्ञा चालवावी, ती आज्ञा.

‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन आपण बसवलेल्या आज्ञावल्यांची यादी उघडतो, तेव्हा विंडोज हे पान वाचून दाखवते. ‘अनइन्स्टॉल’ हे बटण दाबले की पानावर लिहिलेली आज्ञा चालते, एवढेच. बटणात स्वतःची अशी काही शक्ती नसते. दाराबाहेरच्या घंटीसारखे ते आहे. दार उघडणारा माणूस आत असतो.

आता तुमच्यापैकी एखादा चटकन म्हणेल, “मग सोपे आहे! ती नोंदच बदलून टाकू.” बरोबर आहे, तशी सोयही आहे. त्या पानावर ‘नो-रिमूव्ह’ या नावाची एक किंमत १ अशी लिहिली, की यादीतले काढून टाकण्याचे बटण नाहीसे होते किंवा फिकट पडते. ‘सिस्टिम कंपोनंट’ या नावाची किंमत १ केली, तर आज्ञावलीचे नावच यादीत दिसत नाही. आज्ञावली तयार करणाऱ्यालाही ती बसवताना असे करून ठेवता येते. विंडोजच्या धोरणांमध्ये काढण्याची सबंध यादीच वापरणाऱ्यापासून लपवण्याची सोय आहे.

हे उपाय वाईट नाहीत. आमच्या दहावीतल्या मुलाला बटण दिसले नसते, तर ती आज्ञावली वाचली असती. पण आपण काय केले, ते नीट पाहा. आपण घंटी काढून घेतली. दार होते तसेच आहे. आज्ञावली काढणारी फाईल ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जागच्या जागी आहे. ती ज्याला सापडेल, तो तिच्यावर दोनदा टिचकी मारून तेच काम करील. किंवा सबंध कप्पाच उचलून कचरापेटीत टाकील. नजरचुकीवर हा उपाय चालतो, खोडीवर चालत नाही.

गोटी कुठे ठेवली आहे?

मी पदार्थविज्ञानाचा माणूस, तेव्हा मला इथे गोटी आठवल्याशिवाय राहत नाही. समतोलाचे तीन प्रकार तुम्ही शिकला आहात. पालथ्या वाटीच्या माथ्यावर ठेवलेली गोटी जराशा धक्क्याने घरंगळते. तो अस्थिर समतोल. सपाट टेबलावरची गोटी ढकलाल तिथे जाते आणि तिथेच राहते. तो उदासीन समतोल. उताण्या वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी ढकलली तर काठाकडे चढते आणि पुन्हा तळाशी येते. तो स्थिर समतोल.

स्थिर समतोलात दोन वेगवेगळे गुण आहेत, ते लक्षात घ्या. एक म्हणजे काठाची उंची. गोटी बाहेर पडायची, तर तिला काठ ओलांडण्याइतकी ऊर्जा द्यावी लागते. दुसरा म्हणजे तळाकडे ओढून आणणारे बल. काठ कितीही उंच केला तरी पुरेशी ऊर्जा असणारी गोटी तो ओलांडतेच. अनंत उंचीची वाटी कोणी घडवलेली नाही. आज्ञावलीचेही असेच आहे. ती कोणालाच काढता येऊ नये, असे करता येत नाही. ती काढायला किती खटपट पडावी, हे मात्र आपल्याला ठरवता येते. आणि ती निघालीच, तर आपोआप परत यावी असेही करता येते.

शाळेतले संगणक सपाट टेबलावर ठेवलेले होते.

काठ उंच करण्याची खरी रीत

मी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा आमच्याकडे विंडोज ९८ होते. संगणक सुरू केला की तो नाव आणि परवलीचा शब्द विचारी. आम्हाला शब्द माहीत नसे, म्हणून आम्ही ‘एस्केप’ ही कळ दाबत असू. आणि संगणक निमूटपणे उघडत असे! हा दोष नव्हता; ती प्रणालीच एकाच मालकाच्या घरगुती संगणकासाठी बांधलेली होती. तिच्या तबकडीवर फाइली ज्या पद्धतीने मांडल्या जात, त्या पद्धतीत फाईल कोणाची आहे हे लिहून ठेवायला जागाच नव्हती. ज्याला मालक नाही, त्याचे रक्षण कोण करणार?

कचेऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटी ही वेगळी प्रणाली आणली. तिच्यात एनटीएफएस नावाची फाइली मांडण्याची नवी पद्धत होती. आजची विंडोज १०, विंडोज ११ ही सारी तिचीच वंशज आहेत. या पद्धतीत प्रत्येक फाइलीबरोबर एक परवाना-यादी ठेवलेली असते. ही फाईल कोणी वाचावी, कोणी चालवावी, कोणी बदलावी आणि कोणी पुसावी, हे त्या यादीत लिहिलेले असते. तुम्ही संगणकात नाव सांगून शिरता, तेव्हा विंडोज तुम्हाला एक ओळखपत्र देते. मग तुम्ही कोणत्याही फाइलीला हात लावा, प्रणालीचे केंद्रक तुमचे ओळखपत्र आणि फाइलीची यादी ताडून पाहते. जुळले तर काम होते, नाही तर नकार मिळतो.

‘प्रोग्राम फाइल्स’ या कप्प्यावर जी यादी मुळातच लावलेली असते, तीत सामान्य वापरणाऱ्याला वाचण्याची आणि चालवण्याची परवानगी आहे. बदलण्याची आणि पुसण्याची नाही. ती प्रशासकाला आहे. म्हणजे आपल्याला हवा तो काठ विंडोजमध्ये आधीपासून बांधलेला आहे. मग आमच्या शाळेतली आज्ञावली का गेली? कारण तिथे येणारा प्रत्येक जण प्रशासक म्हणूनच आत शिरत होता, आणि तोही परवलीच्या शब्दाशिवाय. कुलूप पक्के होते, पण किल्ली दाराच्या कडीलाच अडकवलेली होती.

असे का होते? नवा संगणक प्रथम सुरू करताना जे पहिले खाते उघडले जाते, ते प्रशासकाचे असते. दुसरे खाते उघडण्याचा कंटाळा येतो. छपाईयंत्र जोडायचे, एखादा खेळ बसवायचा, की दर वेळी परवलीचा शब्द कोण टंकित करणार? मग सगळे त्या एकाच खात्यावर काम करतात. माझ्या घरच्या संगणकावर मीही पुष्कळ वर्षे हेच केले.

संगणकांच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. अमेरिकेतील जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ साली माहितीच्या संरक्षणावर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. घरोघरी संगणक येण्यापूर्वीचा तो काळ. त्या निबंधातील एक तत्त्व असे की, प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक आज्ञावलीला तिचे काम पुरे करण्यापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक असू नये. निबंध लिहायला दुसरी आज्ञावली पुसण्याचा अधिकार लागत नाही. चित्र काढायलाही लागत नाही.

विंडोज व्हिस्टा ही आवृत्ती २००७ च्या जानेवारीत सर्वांसाठी विक्रीला आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने याच दिशेने एक पाऊल टाकले. प्रशासक आत शिरला तरी त्याच्या हातात साधे ओळखपत्र दिले जाते. मोठे ओळखपत्र खिशात ठेवले जाते. मोठे काम निघाले की पडदा मंद होतो आणि “परवानगी आहे का?” असा प्रश्न येतो. प्रशासकाने “होय” म्हटले की पुरते. सामान्य खात्यावरच्या माणसाला मात्र “होय” म्हणून भागत नाही. त्याला प्रशासकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. आमच्या दहावीतल्या मुलापुढे हाच प्रश्न आला होता. तो प्रशासकाच्या खात्यात बसला होता, म्हणून एका “होय”वर काम झाले.

एक प्रयोग करून पाहा

हे सारे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. शिक्षकांना विचारून शाळेच्या संगणकावर पुढील प्रयोग करा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘युअर इन्फो’ उघडा. तुमच्या खात्याच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असा शब्द दिसतो का, ते वहीत लिहून ठेवा. आता ‘सी’ या तबकडीवरचा ‘प्रोग्राम फाइल्स’ हा कप्पा उघडा आणि तिथे ‘प्रयोग’ या नावाचा एक नवा, रिकामा कप्पा करू पाहा. दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

प्रशासकाचे खाते असेल, तर विंडोज एकदा अडवील आणि ‘कंटिन्यू’ असे बटण दाखवील. ते दाबले की कप्पा तयार. सामान्य खाते असेल, तर परवलीचा शब्द मागितला जाईल आणि तुमचा प्रयोग तिथेच थांबेल. दोन्ही खात्यांवर करून पाहिलात, तर काठाच्या उंचीतला फरक तुम्हाला स्वतः मोजल्यासारखा कळेल. केलेला कप्पा शेवटी पुसून टाका.

शिक्षकांसाठी दोन शब्द. प्रत्येक संगणकावर दोन खाती करावीत: एक प्रशासकाचे, परवलीच्या शब्दासह, आणि एक विद्यार्थ्यांचे, सामान्य दर्जाचे. खात्याचा दर्जा ‘अकाउंट्स’मधील ‘अदर युजर्स’ या ठिकाणी बदलता येतो. विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. तुमच्याकडे अजून तीच असेल तरी ही रीत तिच्यावर चालते. परवलीचा शब्द एकट्या संगणक-शिक्षकाच्या डोक्यात ठेवू नये. शिक्षकाची बदली होते, शब्दही त्यांच्याबरोबर जातो, आणि मग सबंध खोली कुलूपबंद! दोघांना तो माहीत असावा आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात असावा.

वाटीला असलेल्या फटी

सामान्य खाते केले म्हणजे सारे झाले असे मात्र समजू नका. काही आज्ञावल्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसतच नाहीत. प्रशासकाची परवानगी मागावी लागू नये म्हणून त्या वापरणाऱ्याच्या खासगी कप्प्यात बसतात. तो कप्पा त्याच्याच मालकीचा, त्यामुळे त्याला ती हवी तेव्हा पुसता येते. मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून उतरवलेल्या पुष्कळशा आज्ञावल्याही अशाच खात्यापुरत्या बसतात. शाळेत सर्व विद्यार्थी एकच खाते वापरत असतील, तर अशी आज्ञावली सर्वांची आणि म्हणून कोणाचीच नाही. तेव्हा बसवताना “सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी?” असा प्रश्न आला, तर प्रशासकाने ‘सर्वांसाठी’ हेच निवडावे.

दुसरी फट अधिक मजेची आहे. परवाना-यादी तबकडीवर लिहिलेली असते खरी, पण ती पाळण्याचे काम विंडोज करते. विंडोज चालूच झाली नाही तर? पेन ड्राइव्हवरून दुसरी एखादी प्रणाली सुरू केली, तर तबकडीवरची यादी म्हणजे नुसता लिहिलेला कागद. पहारेकरी घरी गेल्यावर ‘आत येऊ नये’ या पाटीला कोण विचारतो? म्हणून संगणक सुरू होण्यापूर्वीच्या मांडणीलाही परवलीचा शब्द लावता येतो, आणि तबकडीवरचा सारा मजकूर सांकेतिक लिपीत ठेवण्याची बिटलॉकर नावाची सोय विंडोजच्या काही आवृत्त्यांत आहे. शाळेला बहुधा एवढ्याची गरज पडत नाही.

पुण्यातले एक उदाहरण

आतापर्यंत आपण प्रशासक विश्वासू आहे असे धरून चाललो. पण काही आज्ञावल्यांना खुद्द प्रशासकाच्या अधिकारापासूनच जपावे लागते. संगणकातले विषाणू शोधणारी आज्ञावली घ्या. विषाणू लिहिणारा माणूस मूर्ख नसतो. त्याचा विषाणू एखाद्या बेसावध प्रशासकाच्या “होय”वर स्वार होऊन आत येतो, आणि आल्याबरोबर पहारेकऱ्यालाच हाकलू पाहतो.

महाराष्ट्रात हे काम नव्वदीच्या दशकापासून चालू आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्र शिकून विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली. तीच ‘क्विक हील’. २००७ साली त्यांच्या कंपनीनेही तेच नाव घेतले. या आज्ञावलीत ‘सेल्फ प्रोटेक्शन’, म्हणजे स्वसंरक्षण, नावाची एक सोय आहे. ती चालू असली की आज्ञावलीच्या फाइली आणि नोंदवहीतल्या तिच्या नोंदी दुसऱ्या कोणाला बदलता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या डिफेंडर या आज्ञावलीला २०१९ साली असेच संरक्षण दिले.

हे साधते कसे? याचे मूळ संगणकाच्या प्रक्रियकात आहे. इंटेल कंपनीच्या १९८२ सालच्या ८०२८६ या प्रक्रियकात अधिकाराची चार वलये होती: सर्वांत आतले शून्य क्रमांकाचे, सर्वांत बाहेरचे तीन क्रमांकाचे. ही रचना पुढच्या प्रक्रियकांतही आली. विंडोज यांतली दोनच वापरते. प्रणालीचे केंद्रक शून्याच्या वलयात, आणि आपण वापरतो त्या सगळ्या आज्ञावल्या तिसऱ्यात. मग त्या प्रशासकाने चालवलेल्या का असेनात. विषाणूशोधक आपला एक छोटा भाग शून्याच्या वलयात नेऊन बसवतो. फाईल पुसण्याची मागणी बाहेरून आली, की ती केंद्रकातूनच जाते. तिथे हा भाग तिला अडवतो.

आता तुम्ही विचाराल, मग सगळ्याच आज्ञावल्यांना असे का करू नये? त्याचे उत्तर २००५ साली मिळाले. सोनी बीएमजी या कंपनीने गाण्यांच्या काही तबकड्यांवर एक आज्ञावली घातली होती. तबकडी संगणकात घातली की ती बसे आणि केंद्रकात शिरून स्वतःला लपवी. ती काढण्याची सोय नव्हती. जबरदस्तीने काढली तर तबकडी वाचणारे यंत्रच चालेनासे होई. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती शोधून काढली. मोठा गहजब झाला आणि कंपनीला त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या. काढता न येणे हा गुण केव्हा आणि दोष केव्हा, हे संगणकाचा मालक कोण यावर ठरते. शाळेच्या संगणकावरची आज्ञावली विद्यार्थ्याला सहज काढता येऊ नये, पण शाळेला मात्र आलीच पाहिजे. न निघणाऱ्या आज्ञावलीची बढाई मारणारी जाहिरात पाहिली की मी हाच प्रश्न विचारतो.

गोटी परत तळाशी

काठ पुरे, आता ओढून आणणाऱ्या बलाकडे येऊ. मला ही रीत फार आवडते. कॅनडातील एका कंपनीची ‘डीप फ्रीझ’ ही आज्ञावली या कामासाठी प्रसिद्ध आहे. विंडोजच्या एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या आवृत्त्यांतही ‘युनिफाइड राइट फिल्टर’ नावाची तशीच सोय असते. कल्पना अशी: मूळ तबकडीवर काहीच लिहू द्यायचे नाही. विद्यार्थी जे काही लिहील, बदलील, पुसील, ते सारे एका वेगळ्या तात्पुरत्या जागेत नोंदवायचे. त्याला वाटते तबकडी बदलली. प्रत्यक्षात तिच्यावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रेघोट्या ओढल्यासारखे आहे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की कागद फेकला जातो. खालची तबकडी सकाळी होती तशीच. दिवसभरात शंभर आज्ञावल्या काढा, उद्या सगळ्या हजर.

२००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि आपल्याकडे तालुक्याच्या गावांतही संगणकाची केंद्रे निघाली. एका संगणकावर दिवसभर तासातासाला नवा विद्यार्थी बसतो, अशा ठिकाणी ही रीत शोभते. पण आमच्या भागात एक अडचण आहे, ती म्हणजे वीज. वीज गेली, बॅटरीही संपली, की संगणक बंद होतो. पुन्हा सुरू होतो तेव्हा कागद फेकलेला असतो, आणि त्यावर लिहिलेला मुलांचा निबंधही त्याच्याबरोबर गेलेला असतो. त्यासाठी तबकडीचा एक भाग या व्यवस्थेतून वगळून मुलांच्या कामासाठी मोकळा ठेवावा लागतो. प्रणालीच्या सुधारणा बसवतानाही ही व्यवस्था थोडा वेळ उठवावी लागते. नाही तर त्याही दुसऱ्या दिवशी गायब!

त्या शाळेत आम्ही ही रीत वापरली नाही. संगणक जुने होते आणि विंडोजची आवृत्तीही साधी होती. दोन खाती केली, परवलीचा शब्द पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडे दिला, आणि एनव्हीडीए पुन्हा बसवली. नावाच्या पडद्यापासूनच ती बोलू लागेल अशी तिची मांडणी केली, म्हणजे त्या मुलाला आत शिरतानाही कोणाला हाक मारावी लागू नये. शिवाय तिची एक सुटी प्रत पेन ड्राइव्हवर घालून त्याच्या खिशात दिली. ही प्रत न बसवताच चालते. नावाचा पडदा आणि परवानगी विचारणारा पडदा तिला वाचता येत नाही. पण बाकी पुष्कळ काही येते, आणि ती कोणाला यादीतून काढता येत नाही. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मुलाने तो लगेच वाढवला. एनव्हीडीए सवयीच्या माणसासाठी इतकी भरभर बोलते, की मला त्यातले एक अक्षर कळेना. तो मात्र हसत होता.

दहावीतल्या मुलाला मी एक काम दिले. प्रत्येक संगणकावर कोणत्या आज्ञावल्या आहेत आणि प्रत्येक काय करते, याची मराठीत यादी करून खोलीच्या भिंतीवर लावायची. दिवाळीत गेलो तेव्हा यादी लागलेली होती. सुवाच्य अक्षरात, आडव्या-उभ्या रेघा आखून. तिसऱ्या संगणकावरच्या दोन आज्ञावल्यांपुढची जागा मात्र कोरी होती. त्या काय करतात, हे त्याला सापडले नव्हते. मीही तासभर खटपट करून पाहिली. मलाही ते कळले नाही, म्हणून आम्ही त्या तशाच ठेवल्या आहेत.